रेकॉर्डखालची मॅट: घ्यायची की घरीच कापायची, पण आधी प्लॅटर बघा

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घरात आलं की पहिल्या काही आठवड्यातच हा प्रश्न डोक्यात येतो, की याच्यावरची मॅट बदलू का. मग विचारायला जावं तर एक जण म्हणतो कॉर्क टाक, आवाज मोकळा होतो, दुसरा म्हणतो कॉर्कने बेस जातो, चामड्याची घे, आणि तिसऱ्याने चक्क तांब्याची जड तबकडी टाकलेली असते आणि तो शपथेवर सांगतो की आत्तापर्यंत न ऐकलेल्या गोष्टी ऐकू येतायत. तिघंही खरं बोलत असू शकतात, कारण तिघांचे प्लॅटर, म्हणजे ज्याच्यावर रेकॉर्ड ठेवून फिरते तो गोल भाग, वेगळे आहेत. मला या लेखात मुख्य सांगायचंय ते हेच, की मॅट एकटी काहीच करत नाही, ती प्लॅटर आणि रेकॉर्डच्या मधे बसून काम करते, त्यामुळे आपला प्लॅटर कशाचा आहे हे कळल्याशिवाय मॅट निवडणं म्हणजे नुसता अंदाज.

आधी सुईखाली काय होतं ते बघू. खाचेतून जाताना सुई डावी-उजवी वर-खाली हलते, आणि सुईला हलवायचं तर खाचेच्या भिंतीलाही तेवढाच उलटा धक्का बसतो. तो धक्का तिथेच संपत नाही, तो कंपन होऊन रेकॉर्डच्या व्हिनाइलमधून, म्हणजे तिच्या प्लास्टिकमधून, खाली जातो आणि रेकॉर्डच्या खालच्या बाजूला पोचतो. आता तिथे काय आहे यावर सगळं ठरतं. खाली मऊ आणि ऊर्जा खाणारं काही असेल तर कंपन तिथेच मरतं, व्हिनाइलसारखंच काही चिकटून असेल तर ते पुढे निघून जातं, आणि एकदम वेगळ्या जातीचं काही असेल, म्हणजे धातू किंवा सरळ हवेची फट, तर लाट बंदराच्या भिंतीवर आपटून परत यावी तसं ते परत सुईकडे येतं. परत आलेलं कंपन सुईला गाण्याचाच भाग वाटतं, कारण सुईला फक्त हलणं कळतं, कोणतं हलणं मूळ गाण्याचं आणि कोणतं परत आलेलं हे तिला कळायचा काही मार्गच नाही. बारीक तपशील धूसर होतो तो इथे.

हे आकड्यात बघितलं की जास्त स्पष्ट होतं. पदार्थाची घनता गुणिले त्यातला आवाजाचा वेग, असा एक आकडा काढतात, त्याला ध्वनिरोध म्हणू. व्हिनाइलचा हा आकडा साधारण ३ येतो, अॅक्रिलिकचाही ३ च्या जरासा वर, काचेचा १३ च्या आसपास, अॅल्युमिनियमचा १७ आणि पोलादाचा जवळजवळ ४६. दोन पदार्थांच्या आकड्यात जेवढी तफावत जास्त तेवढं कंपन जास्त परत फिरतं. म्हणून अॅक्रिलिकचा जाड प्लॅटर असलेली टर्नटेबलं बरेचदा मॅटशिवायच वापरायला दिलेली असतात, प्रो-जेक्ट कंपनीचे अॅक्रिलिक प्लॅटर तसेच आहेत, रेकॉर्ड थेट त्याच्यावर. अशा प्लॅटरवर हौसेने मऊ मॅट टाकली की बनवणाऱ्याने जे जुळवलंय तेच आपण तोडतो. फक्त यात एक अट आहे, रेकॉर्ड खरोखर चिकटून बसली पाहिजे, आणि रेकॉर्ड कधीच अगदी सपाट नसते. मधला लेबलचा भाग जाड असतो, कडेला उंचवटा असतो (हे १९५० च्या दशकात आरसीए या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने सुरू केलं, एकावर एक रेकॉर्डी रचल्या तरी खाचा एकमेकींवर घासू नयेत म्हणून), आणि थोडाफार बाक तर असतोच. त्यामुळे कडक पृष्ठभागावर रेकॉर्ड फक्त मधे आणि कडेला टेकते आणि खाचांचा सगळा पट्टा हवेत तरंगतो. मग रेकॉर्डला वरून दाबून धरणारा क्लॅम्प किंवा वजन लागतं.

सुईशिवाय अजून दोन पाहुणे असतात. एक म्हणजे मोटर आणि बेअरिंगची घरघर, जी खालून प्लॅटरमधून वर येते, आणि दुसरा म्हणजे प्लॅटरचा स्वतःचा नाद. हा दुसरा तपासायला काही मशीन लागत नाही. मॅट काढा, प्लॅटर स्पिंडलवरून, म्हणजे मधल्या खुंटीवरून, अलगद उचला (बेल्ट असेल तर तो सांभाळून), मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि कडेला बोटाच्या पेराने टकटक करा. पत्र्याचा दाबून बनवलेला प्लॅटर असेल तर टणकन वाजतो आणि तो आवाज बराच वेळ रेंगाळतो, ओतीव अॅल्युमिनियमचा थोडा कमी वाजतो, आणि ज्याच्या खालच्या बाजूला कंपनीने रबराचा थर दिलाय तो नुसता ठक करून गप्प बसतो. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मार्क २ चा प्लॅटर असा खालून रबर लावलेला आहे, म्हणून त्याच्यावर मॅट बदलून जो फरक पडतो तो पत्र्याच्या प्लॅटरवर पडतो त्यापेक्षा कमी. हे एक टकटक करून बघणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं, कारण त्यानंतर अर्धे पर्याय आपोआप गळतात. प्लॅटर वाजतोय तर त्याला दाबून गप्प करणारं जड, लवचिक काहीतरी हवं, म्हणजे रबर किंवा रबर मिसळलेला कॉर्क. प्लॅटर गप्प आहे तर मग फक्त रेकॉर्डला काय आवडतं तेवढं बघायचं.

आता एकेक प्रकार.

रबर ही जुनी आणि अजूनही सगळ्यात समजूतदार निवड आहे. पकड चांगली, वजन बऱ्यापैकी, प्लॅटरचा नाद दाबते, स्थिर विद्युतचा त्रास कमी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात गॅरार्डचे जुने चेंजर (रेकॉर्ड आपोआप बदलणारी यंत्रं) मिळतात त्यांच्यावर रेघा-रेघांची रबरी मॅट असते, ती वर्षानुवर्षांनी कडक होऊन चकाकायला लागलेली असते आणि कडेला वर वळलेली असते. अशी मॅट मात्र बदलाच, ती ना पकडते ना काही शोषते. रबराला नावं ठेवणारे म्हणतात की आवाज बसका होतो, आणि खूप मऊ जाड रबर असेल तर ते खरंही आहे, पण पातळ आणि घट्ट रबराला तो दोष देता येत नाही.

फेल्ट म्हणजे नमदा. हा दोन अगदी उलट कामांसाठी वापरतात आणि तिथेच लोकांचा गोंधळ होतो. रेगा आणि लिन या ब्रिटिश कंपन्या कित्येक वर्षं आपल्या टर्नटेबलवर फेल्टची मॅट देतायत, रेगाचा तर काचेचा प्लॅटर आणि त्यावर फेल्ट अशी जोडीच आहे, ती एकत्र विचार करून दिलेली आहे. दुसरीकडे डीजेची स्लिपमॅटही फेल्टचीच, पण तिचं काम रेकॉर्ड घसरू देणं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ग्रँडमास्टर फ्लॅशला हाताने रेकॉर्ड मागे ओढायची असायची आणि खाली प्लॅटर मात्र फिरत राहायला हवा होता, रबराच्या मॅटने तर रेकॉर्ड घट्ट धरून ठेवलेली. त्याची आई शिवणकाम करायची, त्यामुळे कापडाची माहिती घरातलीच, त्याने फेल्टचा गोल कापला, त्याला स्टार्च लावून इस्त्रीने कडक केला आणि त्याला तो वेफर म्हणायचा. पुढचं सगळं स्क्रॅचिंग आणि मिक्सिंग त्या गोल तुकड्यावर उभं आहे, मला तरी ही संगीताच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. पण आपल्याला घरी बसून किशोरीताईंचा विलंबित ऐकायचा असेल तर रेकॉर्ड घसरायला नकोय, म्हणून "छान डिझाइन आहे" म्हणून डीजेची स्लिपमॅट घेऊ नका.

फेल्टचा खरा त्रास म्हणजे स्थिर विद्युत. लोकर आणि व्हिनाइल एकमेकांपासून सुटले की व्हिनाइलवर ऋण भार साठतो, धूळ खेचली जाते, आणि कोरड्या हवेत रेकॉर्ड उचलली की मॅटही तिला चिकटून वर येते आणि मग अर्ध्यातून सुटून टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीवर, पडते. नागपूर-अकोल्याकडे हिवाळ्यात हे नक्की होणार, कोकणात पावसाळ्यात जवळजवळ होतच नाही कारण हवेतली आर्द्रता भार टिकू देत नाही. मॅटच्या खाली दोन बाजूच्या चिकटपट्टीचे दोन-तीन बारीक तुकडे लावून तिला प्लॅटरवर धरून ठेवा, निदान ती पडणार तरी नाही. कार्बन फायबरची मॅट भार घालवते असं सांगून विकतात, पण व्हिनाइल विजेचं दुर्वाहक आहे, त्याच्या वरच्या बाजूचा भार खालच्या मॅटमधून सहज वाहून जात नाही, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका. वाजवायच्या आधी कार्बन ब्रश फिरवणं जास्त कामाचं.

कॉर्क हलका, कोरडा आणि त्याच्या आत हवेच्या असंख्य बारीक पेशी, त्यामुळे तो कंपन चांगलं अडवतो. नुसत्या कॉर्कची अडचण अशी की पातळ शीटचा वापरात कडेने भुगा होतो आणि तो भुगा रेकॉर्डवर जातो, शिवाय वजन नसल्यामुळे वाजणाऱ्या प्लॅटरला तो दाबून धरत नाही. रबर मिसळलेला कॉर्क या दोन्ही अडचणी सोडवतो आणि घरी करायची असेल तर माझं मत सरळ त्याच्याच बाजूने आहे. चामडं दिसायला सुंदर, पकड छान, पण पावसाळ्यात बुरशी धरतं आणि कडेने वळतं, समुद्राजवळ राहत असाल तर विचार करा. तांबं आणि बाकी धातू यांच्याबद्दल एवढंच, की त्या मॅट जड प्लॅटर आणि ताकदवान मोटर असलेल्या मशीनसाठी आहेत, साध्या बेल्टच्या टर्नटेबलवर किलो-दीड किलो वजन टाकलं तर बेअरिंगवर भार येतो, प्लॅटर वेगात यायला वेळ लागतो, आणि लिन किंवा थोरेन्स टीडी-१६० सारखं स्प्रिंगवर तरंगणारं मशीन असेल तर सगळं सस्पेन्शनच खाली बसतं.

एक गोष्ट जी मॅट विकणारे क्वचित सांगतात ती म्हणजे जाडी. मॅट जाड झाली की रेकॉर्ड वर येते, रेकॉर्ड वर आली की टोनआर्मची पुढची बाजू उचलली जाते आणि सुईचा खाचेतला कोन बदलतो. किती बदलतो हे काढता येतं. साधारण २३० मिलिमीटर लांबीच्या आर्मला १ अंश कोन बदलायला ४ मिलिमीटर उंची लागते, म्हणजे १ मिलिमीटरला पाव अंश. आता रेकॉर्डींच्याच जाडीत फरक असतो, जुनी पातळ १२० ग्रॅमची आणि नवी १८० ग्रॅमची यात, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरसाठी जीव काढायची गरज नाही. पण ५ मिलिमीटरची रबरी मॅट काढून दीड मिलिमीटरचं फेल्ट टाकलं तर जवळजवळ एक अंशाचा फरक झाला, तो ऐकू येतो, आणि आपण तो फरक फेल्टच्या नावावर जमा करतो. मॅट बदलल्यावर लोकांना जे वेगळं ऐकू येतं त्यातलं बरंच हे असतं असं मला वाटतं. आर्मची उंची कमी-जास्त करता येत असेल (ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-१२० ला येते) तर करून घ्या, नसेल येत तर नवीन मॅट जुनीच्या जाडीचीच घ्या. एलपी-६० सारख्या मशीनवर तर उंचीही बदलता येत नाही आणि सुईचा दाबही नाही, तिथे जाडीचा हा नियम मोडूच नका.

ज्यांच्याकडे मूव्हिंग कॉइल जातीचं कार्ट्रिज (आर्मच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) आहे त्यांनी अजून एक बघायचं. डेनॉनच्या डीएल-१०३ सारख्या कार्ट्रिजमधे जोरदार चुंबक असतो आणि प्लॅटर लोखंडी असेल तर तो कार्ट्रिजला खाली ओढतो, थोरेन्स टीडी-१२४ चा मूळ ओतीव लोखंडी प्लॅटर याबद्दल प्रसिद्ध आहे. आपण काट्यावर अडीच ग्रॅम दाब लावलेला असतो आणि प्रत्यक्षात सुईवर जास्त पडतो. इथे जाड मॅट हे चांगलंच औषध, कारण अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. प्लॅटरला फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा, चिकटलं तर हा मुद्दा तुमच्यासाठी आहे, नाही चिकटलं तर सोडून द्या.

घरी करायची असेल तर

सामान शोधायला ऑडिओच्या दुकानात जायची गरज नाही. गॅस्केट शीट विकणारं दुकान शोधा, ट्रान्सफॉर्मर आणि इंजिनच्या झाकणांखाली जी रबर-कॉर्कची शीट लावतात तीच आपल्याला हवी आहे, २ मिलिमीटर जाडीची, आणि लेबलच्या खोलगट जागेसाठी वरच्या थराला १ मिलिमीटरची. हातात घेतली की थोडी जड लागते, तपकिरी-करड्या रंगात कॉर्कचे दाणे दिसतात, अंगठ्याने दाबली की दबते आणि लगेच परत येते. दुमडून बघा, चिरली तर जुनी शीट आहे, घेऊ नका. गुंडाळीच्या अगदी आतला भाग मागू नका, त्याचा बाक जात नाही, आणि विकत घेतानाच सरळ शीट प्रकाशाकडे आडवी धरून जाडी सगळीकडे सारखी आहे का बघा. नोटीस बोर्डाचा कॉर्क नको, तो भुगा होतो. आणि कपाटात घालायची जाळीदार न घसरणारी मॅट किंवा स्वस्तातली योगा मॅट कापायचा मोह टाळा, त्या बहुतेक मऊ केलेल्या पीव्हीसीच्या असतात, मऊपणासाठी घातलेलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि रेकॉर्डही पीव्हीसीचीच असल्याने तिच्यावर डाग उमटतात जे धुऊन जात नाहीत.

कापायचं असं. जुन्या प्लायवूडवर शीट पसरा. आधी मधलं भोक पाडा, कारण पुढचं सगळं माप त्यावरून घ्यायचंय. स्पिंडल साधारण ७ मिलिमीटरच्या वर असतो, भोक साडेसातच्या आत ठेवा, चामड्याला भोकं पाडायचा पंच असतो त्याने एका घावात स्वच्छ पडतं, ड्रिल मारलं तर कॉर्क फाटतो. मग त्या भोकात बसेल असा खिळा किंवा बोल्ट प्लायवूडमधे उभा ठोकायचा, आणि एक पातळ लाकडी पट्टी घेऊन तिच्या एका टोकाला खिळ्याचं भोक आणि तिथून १४७ मिलिमीटरवर कटरचं पातं घट्ट बसेल अशी चीर. आता पट्टी गोल फिरवायची, पण पहिल्या फेरीत कापायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही, नुसती रेघ उमटली पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पातं थोडं आत, आणि असं हलक्या हाताने फेऱ्या मारत राहिलं की एका क्षणी बाहेरचा भाग आपोआप सुटा होतो. जोर लावला की पातं तिरकं होतं आणि कड खालून आत जाते. पातं नवीन घ्या, कॉर्क पातं पटकन बोथट करतो.

१४७ का, तर मॅटचा व्यास २९४ होतो आणि १२ इंची रेकॉर्ड साधारण ३०१ ची असते, म्हणजे कडेचा उंचवटा मॅटच्या बाहेर लटकतो आणि खाचांचा पट्टा सपाट टेकतो. तुमच्या प्लॅटरला वर उचललेली कड असेल तर आधी ती मोजा, मॅट त्या कडेपेक्षा उंच व्हायला हवी, नाहीतर रेकॉर्ड मॅटवर न बसता कडेवर बसेल.

लेबलचं काय, ते १०० मिलिमीटरचं असतं आणि जाड असतं, त्याच्यासाठी मधे खोलगट जागा हवी. एकाच शीटमधे अर्धवट खोल कोरणं हाताने जमत नाही, म्हणून २ मिलिमीटरचा पूर्ण गोल खाली आणि १ मिलिमीटरची मधे १०४ चं भोक असलेली चकती वर, अशी दोन थरात करायची. चिकटवायला रबराचं सोल्युशन, दोन्ही बाजूंना पातळ लावून हात लावला तर चिकचिकेल पण बोटाला येणार नाही इतकं वाळू द्यायचं आणि मग जोडायचं, खिडकी उघडी ठेवून. ओलं असताना जोडलं तर आत फुगे राहतात आणि मॅट तिथे उंच होते. वरून सपाट फळी आणि पुस्तकांचा गठ्ठा रात्रभर. दुसऱ्या दिवशी ओल्या कपड्याने पुसून, वाळवून, कडेचे सुटे दाणे हाताने काढून टाका.

विकत घेणार असाल तर विकणाऱ्याला जाडी, व्यास, वजन आणि लेबलसाठी खोलगट जागा आहे का एवढं विचारा, आणि यातलं काहीच न सांगता नुसतं आवाजाचं वर्णन करत असेल तर दुसरीकडे बघा. मॅटची किंमत चांगल्या सुईच्या किमतीजवळ जायला लागली तर पैसे आधी सुईला, घासलेली सुई कुठल्याच मॅटने सुधारत नाही आणि ती रेकॉर्डही खराब करते.

नवीन मॅट टाकल्यावर सुईचा दाब परत मोजा, काटा रेकॉर्डच्या उंचीला येईल असा ठेवून. मॅट जड असेल तर वेगही बघा, स्ट्रोब चकती, म्हणजे वेग बरोबर असला की दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती चकती, छापून घ्या, आपली वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे ३३ १/३ साठी १८० रेघांची हवी, ६० हर्ट्झची चकती इथे चालत नाही. ती जुन्या पिवळ्या बल्बखाली किंवा निऑनच्या दिव्याखाली बघायची, बऱ्याच एलईडीखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत.

ऐकताना एकच रेकॉर्ड, एकच आवाज, आणि आर्मची उंची दोन्ही मॅटना नीट लावलेली. मी तानपुऱ्यावरचा संथ आलाप लावतो, गायक श्वास घ्यायला थांबतो तिथे तानपुरा एकटा उरतो, त्याची जवारी किती स्वच्छ येते आणि सूर किती स्थिर राहतो यावर कान ठेवतो, पुढे बंदिश सुरू झाली की तबल्याची थाप पडते ती पडून संपते की नुसती घुमत राहते तेही लगेच कळतं. पत्र्याच्या वाजणाऱ्या प्लॅटरवर पातळ फेल्ट काढून रबर-कॉर्क टाकला तर हा फरक कुणालाही ऐकू येईल, आणि आधीच गप्प असलेल्या जड प्लॅटरवर कदाचित काहीच येणार नाही, तेव्हा जुनीच मॅट परत टाका आणि ते पैसे दोन रेकॉर्डींना वापरा.

मॅटला देखभाल फारशी लागत नाही. रबर आणि रबर-कॉर्क ओलसर कपड्याने पुसायचं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, उन्हाने रबर कडक होतं. फेल्टवरची धूळ कपड्यांच्या चिकट रोलरने निघते. मॅट काढून ठेवायची असेल तर उभी किंवा गुंडाळून नको, रिकाम्या रेकॉर्ड कव्हरमधे आडवी ठेवा.